नारिंगीच्या अलीकडे

उजवा डोळा म्हणाला, झालं. डावा म्हणाला, अजून कुठे? ब्युरेटच्या तोटीवर बोटं तशीच ठेवून मी उभा राहिलो. खाली पांढरी टाइल, टाइलवर फ्लास्क, फ्लास्कमध्ये नदीचं शंभर मिलिलिटर पाणी आणि त्यात मिथिल ऑरेंजचे तीन थेंब. डावा डोळा मिटला की पाणी नारिंगी, उजवा मिटला की पिवळं. लहान मुलं खेळतात तसा मी हा डोळा, तो डोळा करत राहिलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पांढरा कोट घालून, सकाळी अकरा वाजता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते, डाव्याचं पुढच्या महिन्यात ठरलं होतं, आणि मधल्या काळात माझ्या कपाळाखाली दोन वेगवेगळी माणसं राहायला आली होती. शेवटी मी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि डाव्याच्या मनासारखं होईपर्यंत आम्ल सोडलं. एकेक थेंब, मोजून. नवव्या थेंबाला डावा म्हणाला, झालं. हात काढून उजव्यानं पाहिलं तर पाणी चांगलं लालसर झालेलं. नारिंगी केव्हाच मागे पडलं होतं. मी स्टुलावर बसलो आणि तोटी बंद आहे ना, हे तीनदा पाहिलं.

नऊ थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरही नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दुसऱ्या कुठल्या कामात एवढ्याला कुणी हिंग लावून विचारलं नसतं. पण मला इथे सगळे थेंबमास्तर म्हणतात आणि ते काही उगाच नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुलावर जायचं, नदीचं पाणी भरून आणायचं, गाळायचं, आणि त्यात आम्लाचे किती थेंब जिरतात ते पाहायचं, हे मी सव्वीस वर्षं केलं. प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात मला 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकवतो आणि हा विनोद जगात आपल्यालाच सुचला असं समजून हसतो. मीही हसतो. पाण्यात क्षार जितका जास्त, तितकं आम्ल जास्त जिरतं. जिरेपर्यंत पाणी पिवळं राहतं, जिरायचं संपलं की नारिंगी होतं. मोठ्या सरांनी पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पिवळं लाजलं की थांबायचं. लाल होईपर्यंत वाट पाहिलीस तर गेलं." तेव्हा माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. घरी जाऊन मी बायकोला हे वाक्य सांगितलं आणि ती खरोखरच लाजली. इतकी चांगली नोकरी जगात कुणाला नसेल, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

सर समजावून सांगायला लागले की हातात काळा दगड घ्यायचे. टेबलावर तो कायम असायचा, कागद उडू नयेत म्हणून. आपला हा डोंगर, सर म्हणायचे, म्हणजे कधीकाळी वाहत आलेला आणि निवालेला लाव्हा. पाऊस पडताना हवेतला कार्बनचा वायू थोडा पोटात घेतो, त्यानं पाणी किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी या काळ्या दगडाला चावतं. दगडाचा मुरूम होतो, मुरुमाची माती होते, आणि त्या खटपटीत हवेतला वायू पाण्यात क्षार होऊन अडकतो. नदी तो समुद्रात नेते. तिथे शिंपल्यातले जीव त्याची घरं बांधतात, मरतात, घरं तळाशी बसतात, त्यांचा चुनखडक होतो. वायू कोंडला गेला, लाखो वर्षांसाठी. मग कधीतरी जमीन तो तळ गिळते आणि ज्वालामुखीच्या तोंडून वायू परत हवेत सोडते. "हवा तापली की दगड जास्त विरघळतो, जास्त विरघळला की जास्त वायू ओढतो, मग हवा निवते. इस्त्रीत कळ असते ना, तापली की आपोआप बंद होणारी? तीच ही. फक्त सावकाश." किती सावकाश, असं मी विचारलं होतं. "तुझी-माझी हाडं चुनखडकात सापडतील, इतकी सावकाश," सर म्हणाले आणि काळा दगड परत कागदांवर ठेवला.

मग नऊ वर्षांपूर्वी आमच्या भिंतीवरच्या आलेखातली रेघ चढायला लागली. सतरा वर्षं ती पाटावर बसल्यासारखी सपाट होती. पहिल्या वर्षी सर काही बोलले नाहीत, दुसऱ्या वर्षी त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं, आणि चौथ्या वर्षी ते दारातच ओरडले, "अरे, दगडाला पाझर फुटलाय!" हवा तापली तशी डोंगरानं आपली गती वाढवली होती, आपण समजत होतो त्यापेक्षा किती तरी लवकर. नऊ वर्षांत शंभरात चार. ऐकणाऱ्याला काहीच वाटत नाही, पण जाणत्यांना वाटलं. सर देशोदेशी जाऊन ती रेघ दाखवून आले. लोकांनी ती आपापल्या पुस्तकांत घेतली. कुणी म्हणालं, डोंगर इतका धावतोय तर काळ्या दगडाची पूड करून शेतांत पसरू, त्याला हातभार लावू. कुणी म्हणालं, डोंगर आहे ना बघायला, मग धुराडी बंद करायची एवढी घाई कशाला? रेघ सगळ्यांच्या उपयोगी पडली. मागच्या वर्षी सर गेले, तेव्हाही ती चढतीच होती. इस्पितळात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, या महिन्याचा आकडा काय? मी सांगितला. पंधरा पूर्णांक चाळीस. ते इतके गोड हसले की मला आपण काहीतरी देऊन आल्यासारखं वाटलं. आता स्टुलावर बसून कळत होतं, काय देऊन आलो ते.

यंत्र आणू या, असं बाई पंधरा वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या. बाई तेव्हा सरांच्या विद्यार्थिनी होत्या, आता त्यांच्या खुर्चीत बसतात. सर म्हणाले, नाही. यंत्र बदललं की रेघेत पायरी पडते आणि मग ती पायरी दगडाची का यंत्राची, हे भांडण जन्मभर. माणूस तोच, पद्धत तीच, बाटली तीच. "हात बदलायचा नाही," हे त्यांचं ब्रीद. त्यासाठी मला दोनदा बढती नाकारली गेली आणि मीही ती छाती फुगवून नाकारू दिली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी कधी रजा घेतली नाही. ताप असला तरी आलो. हात तोच राहिला. हाताच्या वर डोळा असतो आणि तो पिकतो, हे इतक्या शिकलेल्या माणसांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही. रेघेत पायरी पडली नाही हे मात्र खरं. माझा डोळा इतक्या हळू पिवळा होत गेला की दर वर्षी एखादा-दुसरा थेंब, बस. त्याची छान चढण झाली. बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून वर्षातून एकदा तपासणीची बाटली यायची, तिच्यावर आकडा लिहिलेलाच असायचा. ती माझी कधी चुकली नाही. मी लबाडी केली का, हे त्या सकाळी मी स्वतःला नीट विचारलं. नाही केली. आकडा माहीत असला की त्या आकड्यापाशी मला नारिंगी दिसायचंच. जे दिसायला हवं असं आधीच ठरलेलं असतं ते दिसतं, एवढंच.

पण खरं सांगायचं तर स्टुलावर बसल्यावर मला सगळ्यात आधी सर आठवले नाहीत, आणि भीतीही वाटली नाही. मला आनंद झाला. लाज वाटावी इतका. तसा तो दहा दिवसांपूर्वीच झाला होता, डोळ्यांची डॉक्टर पट्टी काढून म्हणाली तेव्हा. "काका, मोती नुसता पिकला नव्हता, पार तपकिरी झाला होता. इतकी वर्षं करत काय होतात तुम्ही?" मी म्हटलं, रंग ओळखायची नोकरी. तिला तो विनोद वाटला. मी विचारलं, इतकी वर्षं म्हणजे किती? ती म्हणाली, "ते कोण सांगणार? एकेकाचा वेग असतो. सात, आठ, दहा, काहीही." सात हा आकडा तिनं उच्चारला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण माझी बायको सात वर्षांपूर्वी पिवळी झाली होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

तिला दुखत काहीच नव्हतं. पित्ताच्या नळीपाशी गाठ होती, असं नंतर कळलं. तशा गाठीत दुखत नाही, फक्त माणूस पिवळा होत जातो आणि अंगाला खाज सुटते. ती खाजवायची. जेवताना, पेपर वाचताना, झोपेत. मी मलमाची ट्यूब आणून दिली. ती संपल्यावर दुसरी आणून दिली. आम्ही एका टेबलाशी समोरासमोर बसून जेवत होतो, मधे पाण्याचा जग, डोक्यावर दिवा, आणि मी तिला आमच्या रेघेच्या गोष्टी सांगत होतो, कारण त्या दिवसांत रेघ नुकतीच चढायला लागली होती. सव्वा महिन्यानं तिची धाकटी बहीण राहायला आली. दार मीच उघडलं. माझ्या खांद्यावरून आत बघून ती जी किंचाळली ती किंकाळी अजून त्या दारात आहे. "ताई! अगं, हळद फासल्यासारखी पिवळी झाली आहेस तू!" डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आला असता तर शस्त्रक्रिया करता आली असती. पुढे पाच महिने गेले. बायको गेल्यावर मेहुणी निघताना उंबऱ्यात थांबली आणि चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, पिवळा कुठे संपतो ते ओळखायचा पगार मिळतो ना तुम्हाला?" सात वर्षं मी त्या वाक्याला आतल्या आत उत्तरं देत आलो आहे, आणि एकही उत्तर तिला ऐकवण्यासारखं निघालं नाही.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपण म्हणतो. आमच्या घरी कावीळ तिला झाली होती आणि जग मला पिवळं दिसत होतं. भिंती, उश्यांचे अभ्रे, दूध, तिचा चेहरा, सगळं एकाच काचेतून. त्यात तिचा पिवळेपणा वेगळा कसा ओळखू यावा? पट्टी काढली त्याच दिवशी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मेहुणीला फोन लावला. वर्षातून एकदा, बहीण गेली त्या दिवशी, तेवढाच आमचा फोन. मी म्हटलं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तपकिरी, सात-आठ वर्षांपासूनचा असणार म्हणतात. मग ती म्हणाली, "म्हणजे ताईच्या वेळेपासून?" मी म्हटलं, तसंच दिसतंय. ती रडायला लागली. "मग मी तुम्हाला उगाच बोलले हो भाऊजी. किती वाईट बोलले मी. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं." मी म्हटलं, जाऊ दे, तुला तरी काय माहीत. मोठ्या मनानं म्हटलं. माफ करणं इतकं सुखाचं असतं हे मला माहीत नव्हतं. परत येताना मी आंघोळ करून निघालेल्या माणसासारखा चालत होतो.

म्हणून त्या सकाळी नऊ थेंब मोजल्यावर मला वाटलं, पुरावा मिळाला. डॉक्टर सांगू शकत नव्हती ते ही भिंतीवरची रेघ सांगत होती. रेघ चढते आहे ती माझ्या डोळ्याची, आणि ती नऊ वर्षांपूर्वी चढायला लागली. म्हणजे बायको पिवळी झाली तेव्हा माझा डोळा आधीच दोन वर्षं बिघडलेला होता. रेघ खोटी असेल तर मी निर्दोष. किती सोपं होतं! डोंगर जागा झालेला नाही, जगात ज्यांनी ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला ते तोंडघशी पडणार, सरांची अखेरची वर्षं मातीत जाणार, तापलेली हवा निवायचं नाव घेणार नाही, आणि मी मात्र आपल्या घरी जाऊन टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे मान वर करून बघू शकणार. मी हा सौदा मनात तोलून पाहिला आणि मला तो पटला. माणूस मुळात किती लहान असतो हे कळायला नऊ थेंब पुरे होतात.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा माझा आवाज जरा जास्तच खणखणीत होता. त्यांनी हातातलं पेन ठेवलं, प्रयोगशाळेत आल्या, स्वतः एक डोळा मिटून फ्लास्ककडे पाहिलं, जसं काही त्यांच्याही डोळ्यांत दोन माणसं असतील. मग भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "मास्तर, साक्षीच्या बाटल्या आहेत ना सगळ्या?"

होत्या. हीही सरांचीच शिस्त. दर महिन्याला पाण्याची एक बाटली जास्तीची भरायची, तोंडापर्यंत, आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, बुचावर मेण ओतायचं आणि थंड खोलीत ठेवून द्यायची. "कधी वाद झाला तर साक्षीला कुणीतरी पाहिजे," सर म्हणायचे. वाद सव्वीस वर्षांत झाला नव्हता. बाईंनी आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या विभागातून आम्लता मोजायचं मीटर आणवलं. काड्यापेटीएवढा पडदा, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला काचेची कांडी. कांडी फ्लास्कमध्ये बुडवायची, तोटी मी सोडायची, आकडा मीटरनं सांगायचा आणि रंग मी उजव्या डोळ्यानं बघायचा. डाव्यावर त्यांनी मला पट्टी लावून घ्यायला लावली. "दर वर्षाचा एक ऑक्टोबर घेऊ," त्या म्हणाल्या. "पावसाळा संपलेला असतो, नदी स्थिर असते. मागच्या वर्षापासून सुरू करू आणि मागे मागे जाऊ." ऑक्टोबर नको, असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरला नऊ थेंबांचा फरक निघाला. रजिस्टरात माझ्या अक्षरात पंधरा पूर्णांक चाळीस, आणि आता मीटर आणि उजवा डोळा दोघंही चौदा पूर्णांक पंच्याण्णवला म्हणत होते, झालं. बाईंनी कागदावर नऊ लिहिले. त्याआधीचं वर्ष, आठ. त्याआधीचं, सात. बाई प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणत होत्या, दात काढणारा डॉक्टर म्हणतो तसं. सरांची रेघ आमच्या डोळ्यांदेखत मोडत होती, आणि मला तिचं काही वाटत नव्हतं, कारण माझं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. आकडे कमी होत होते. ते कमी होणार हे उघडच होतं, डोळा काही एका दिवसात पिकत नाही, पण किती भराभर कमी व्हावेत? चौथ्या वर्षाला पाच निघाले. मी तोटी सोडण्याआधी मनात म्हणायला लागलो, पुढच्याला चार असू देत. पाचव्या वर्षाला तीन निघाले. "मास्तर, घाम आलाय तुम्हाला. चहा मागवू का?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, चहा नको, पुढची बाटली. सहाव्या वर्षाचं मेण नखानं निघेना, सुरीनं काढलं. सहाव्या वर्षाला एक थेंब निघाला. एकच. मी तो परत करून बघू या म्हणालो. बाई म्हणाल्या, बाटलीत तेवढं पाणी आहे, करा. परत एकच.

एक थेंब हा काही फरक नव्हे. एवढा तर कुणाचाही हात इकडेतिकडे होतो. मी सातवी बाटली थंड खोलीतून आणायला गेलो आणि तिथेच कपाटाला टेकून उभा राहिलो. बाटल्या ओळीनं होत्या, प्रत्येकीवर माझं अक्षर. ही बाटली मला शोधावी लागली नाही. गेली सात वर्षं दर महिन्याला नवी बाटली ठेवताना मी हिच्याकडे न बघता ठेवत आलो होतो. मेहुणीला मी पुष्कळ सांगितलं, पण एक गोष्ट सांगितलेली नाही. ही बाटली भरली त्या सोमवारी बायको माझ्याबरोबर पुलावर आली होती. कधी यायची नाही. त्या दिवशी म्हणाली, घरात अंगाची आग होते, मी येते मोकळ्यावर. सकाळची नऊची वेळ, स्वच्छ ऊन, पुलाचा कठडाही उन्हात पांढरा दिसत होता. मी दोरीनं बादली ओढली, बाटली भरली, आणि बूच तिच्या हातात दिलं होतं म्हणून हात पुढे केला. तिनं बूच दिलं आणि हात तसेच राहू दिले, तळवे वर करून, माझ्या नाकासमोर. "अहो, जरा हात बघा ना माझे. कसे दिसतायत?" मी बाटलीच्या तोंडाशी डोळा लावला होता. काठाला एक बुडबुडा चिकटला होता आणि तो काही केल्या जात नव्हता. मी म्हटलं, "थांब गं, हवा राहील." ती थांबली. बुडबुडा गेला, मी बूच बसवलं, बाटली उन्हात धरून चारी बाजूंनी नीट पाहिली. पाणी निवळशंख होतं. तोपर्यंत तिनं हात पदराखाली घेतले होते. परतीच्या वाटेवर मी तिला विचारलंही नाही, काय दाखवत होतीस. तिनंही परत दाखवलं नाही. तिचा स्वभाव तसा होता, एकदाच सांगायची.

आणि तीच बाटली आता माझ्या हातात होती, गार, तोंडापर्यंत भरलेली, आत एक बुडबुडा नाही. कामात मी कधी कसूर केली नाही, हे कुणीही कबूल करेल. थंड खोलीत उभं राहून मी त्या पाण्याला विनवण्या केल्या. चार थेंब. नाहीतर तीन. अगदी दोन असले तरी चालतील, दोनावर मी माझं उरलेलं आयुष्य काढेन. बाटली हातातून सुटली तर, हेही मनात आलं. खाली फरशी होती, कुणी काही म्हटलं नसतं, डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. पण सव्वीस वर्षं मी एकही बाटली फोडली नाही आणि हाताला ते येईना. डोळ्यांवर कातडं ओढता येतं, हातावर कसं ओढणार?

बाईंनी मीटर धुऊन ठेवलं होतं. मी शंभर मिलिलिटर मोजून घेतलं, मिथिल ऑरेंजचे तीन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. काय सुंदर पिवळं होतं ते, उजव्या डोळ्याला. चौदापर्यंत मी धार सोडली, मग थेंब. प्रत्येक थेंब पडला की पाण्यात नारिंगीचा एक ढग उठायचा, फ्लास्क हलवला की विरायचा. चौदा सत्तर. चौदा ऐंशी. थांब, मी मनात म्हणालो, इथेच थांब, लाज इथेच. आत्ता झालं असतं तर जुन्या आकड्याशी तीन थेंबांचा फरक होता. पाणी पिवळंच राहिलं. चौदा पंच्याऐंशी. चौदा नव्वद. मी फ्लास्क हलवत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग शेवटचा थेंब तोटीच्या टोकाशी जमला, लोंबला, पडला, आणि पिवळं लाजलं. इतकं स्पष्ट की आंधळ्यालाही दिसावं. त्याच क्षणी मीटर टिकटिकलं.

"चौदा पंच्याण्णव," बाई म्हणाल्या आणि रजिस्टर पुढे ओढलं. सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरच्या पानावर बोट फिरवत गेल्या. मला बघायची गरज नव्हती. ते पान मी पुलावरून परत येऊन, हात धुऊन, शांतपणे लिहिलं होतं. बाईंचं बोट थांबलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तर! चौदा पंच्याण्णव! थेंबाचाही फरक नाही." त्या खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे त्याच्या आधीची दोन वर्षं रेघ खरी चढली होती. थोडीच, तीन थेंब, पण खरी. सर अगदीच चुकले नव्हते हो." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून म्हणाल्या, "बघा, तेव्हा तुमचा डोळा किती चोख होता!"

"हो," मी म्हटलं. "तेव्हा मला नीट दिसत होतं."

त्यांनी नवा कागद माझ्यापुढे सरकवला. तारीख, जुना आकडा, नवा आकडा, शेरा. मी डाव्या डोळ्यावरची पट्टी काढली, चष्मा पुसला आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीच्या अक्षरात लिहिलं, जुळले.